मालकीचं रान सांभाळताना: खानापूर तालुक्यातल्या कामाच्या नोंदी

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, जांबोटी होबळीत (होबळी म्हणजे तालुक्याचा महसुली भाग) आमच्या पाच घरांचं मिळून पावणेदोनशे एकरांच्या आसपास रान आहे. जमिनीवर ते एकसंध दिसतं, उताऱ्यांवर त्याचे बरेच तुकडे आहेत. इतकी वर्षं त्याच्याकडे कुणी फारसं बघितलं नाही. मधाच्या दिवसांत गवळीवाड्यातले लोक जायचे, काजूच्या हंगामात आमच्यातलं कुणीतरी कडेकडेनं फिरून यायचं, एवढंच. आता सांभाळायचं ठरवलंय म्हणून या नोंदी. खानापूर, हल्याळ, जोयडा या पट्ट्यात ज्यांचं असं रान आहे त्यांच्या कामी येतील. चंदगडकडच्यांना कागदांचा भाग लागू नाही. का ते पुढं येईलच.

१२ ऑक्टोबर २०२३

रानात पाय ठेवायच्या आधी कागद. प्रत्येक सर्व्हे नंबरचा उतारा काढला, सोबत आकारबंद (क्षेत्र आणि साऱ्याची नोंद), टिपण (जुन्या मोजणीचा कच्चा नकाशा) आणि जिथं वाटण्या झाल्यात तिथली फोडी. उतारा नाडकचेरीत, म्हणजे होबळीच्या महसूल कचेरीत, लगेच मिळतो. टिपण जुन्या दप्तरातून शोधून काढावं लागतं, आणि खरं काम त्याचंच, कारण हद्दीचा दगड कुठून किती अंतरावर आहे हे टिपणावरच असतं. इंग्रजी अमदानीतली मोजणीची साखळी ३३ फुटांची. ३३ बाय ३३ म्हणजे एक गुंठा, ४० गुंठ्यांचा एकर. एवढं डोक्यात असलं की टिपणावरचे आकडे आपले आपण वाचता येतात.

उताऱ्यावरचे ९ आणि ११ हे रकाने नीट बघा. नवव्यात कबजेदार, अकराव्यात इतर हक्क आणि बोजे. आमच्या दोन नंबरांवर अजून आजोबांचंच नाव आहे, आणि त्यांना जाऊन चाळीसेक वर्षं होत आली. वारसा नोंद झाल्याशिवाय मोजणीचा अर्जही पुढं सरकत नाही. ती लावायला दिली आहे.

शिवाय वनखात्याच्या यादीत आपला नंबर आहे का ते बघायचं. १९९६ च्या गोदावर्मन निकालात सर्वोच्च न्यायालयानं मालक कोणीही असो, शब्दकोशाच्या अर्थानं जे जंगल ते जंगलच, असं ठरवलं. त्यानंतर राज्यानं ‘डीम्ड फॉरेस्ट’च्या, म्हणजे जंगल मानलेल्या जमिनींच्या, याद्या केल्या. कर्नाटकाचा आकडा ९.९४ लाख हेक्टर होता, तो २०२२ साली ३.३ लाखांच्या आसपास आणला. आमचा एक नंबर जुन्या यादीत होता, नव्यात दिसत नाही. तसं लेखी मागितलंय. तोंडी ‘नाही हो तुमचं’ याला काही किंमत नाही.

७ नोव्हेंबर

माळ्यावरची ट्रंक खाली काढली. १९५६ च्या आधीचे कागद मोडीत नाहीतर बाळबोधीत, पुढचे कन्नडमध्ये. म्हणजे वाचणारे दोन लागले. कन्नडला धाकट्या काकू आहेत, त्यांचं माहेर बैलहोंगलचं. मोडीला बेळगावातले एक निवृत्त गुरुजी मिळाले. पानाप्रमाणे पैसे घेतात आणि अक्षर लागलं नाही तर तसं सांगतात, उगाच ठोकून देत नाहीत. असा माणूस गाठा.

दोन गोष्टी कळल्या. एक, १९४३ सालचा कोळशाचा मक्ता. युद्धात पेट्रोल मिळेना म्हणून मोटारी कोळशाच्या गॅसवर चालायच्या, त्या कोळशासाठी पणजोबांनी ओढ्याच्या वरचा सगळा उतार तोडायला दिला होता. मक्त्यात ‘हिरडा व फणस सोडून’ असं लिहिलंय. आज त्या उतारावर मोठे हिरडे का आणि बाकी सगळं एकाच जाडीचं का, याचं उत्तर ट्रंकेत होतं.

दुसरी गोष्ट म्हणजे हे रान आमच्याकडे राहिलं कसं. ओढ्यापलीकडचं रान एका इनामदार घराण्याकडे होतं. मुंबई राज्याचा १९५२ चा इनाम रद्द करणारा कायदा आला आणि इनामातल्या न कसलेल्या पडीक जमिनी सरकारजमा झाल्या. आमचं रान रयतावा खात्यात, सारा भरून घेतलेलं, म्हणून सुटलं. नंतर १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली. तोवर चंदगड तालुका बेळगाव जिल्ह्यातच होता. तो तिकडं राहिला, आम्ही म्हैसूर राज्यात आलो. पुढं महाराष्ट्रानं खाजगी वनं संपादन करण्याचा कायदा केला आणि ३० ऑगस्ट १९७५ ला चंदगडच्या आमच्या पाहुण्यांचं रान एका दिवसात सरकारचं झालं. कर्नाटकात तसा कायदा झाला नाही. सीमाप्रश्नावर आमच्या घरात काय मत आहे ते कुणालाही विचारा, सगळे एका सुरात सांगतील. पण रान आमच्याकडे आहे ते रेषा अशी गेली म्हणून, हेही खरं. तात्यांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, “हे बाहेर बोलू नको.”

कर्नाटकात जमीन सुधारणा कायद्याची कमाल मर्यादा मात्र आहे, आणि त्यात जंगल जमीनही ‘जमीन’ म्हणूनच धरतात. १९७४ च्या दुरुस्तीनंतर पाच घरं वेगळी दाखवली गेली ती यासाठीच. उताऱ्यावरचे तुकडे तिथून आले.

२६ नोव्हेंबर

हद्द फिरलो. मोबाइलवर ‘दिशांक’ हे राज्य सरकारचं ॲप उघडलं की आपण कुठल्या सर्व्हे नंबरात उभे आहोत ते दिसतं. मोकळ्या माळावर ठीक, दाट झाडीखाली ठिपका दहा-पंधरा मीटर इकडंतिकडं नाचतो. ओढ्याच्या वळणावर एका जागी तीन वेगळी उत्तरं आली. ॲप दिशा दाखवण्यापुरतं. भांडणात ते कुणी मानत नाही.

खरी हद्द दाखवली गवळीवाड्यातल्या मामांनी. त्यांची म्हसरं पिढ्यान् पिढ्या याच रानात चरतात. “हितनं वड्यापत्तूर तुमचं. त्या अंजनीच्या बुडात दगूड हाय बघा, मुळं चढल्यात त्येच्यावर.” खरंच होता. टिपणावरच्या अंतराशी ताडून बघितलं तर चारेक फुटांचा फरक. रस्त्याकडचे दगड डांबरीकरणात गेलेत, तिथं मोजणीशिवाय इलाज नाही. मोजणीचा अर्ज भरला.

सापडलेल्या प्रत्येक दगडाला चुना, फोटो आणि त्या बाजूच्या शेजाऱ्याला बोलावून दाखवणं. शेवटचं सगळ्यांत महत्त्वाचं. शेजाऱ्याला न विचारता दगडाला चुना लावला की तो आपण आणून ठेवला असा संशय येतो.

१८ डिसेंबर

दोन कामं मक्त्यानं दिली होती, दोन्ही फसली.

पहिलं रानमोडी या तणाचं. ओढ्याकाठचा आणि गाडीवाटेचा सगळा भाग तिनं भरलाय. कोयत्यानं बुडाशी तोडून घेतली. तोपर्यंत ती फुलावर आली होती. तोडून ओढत नेताना म्हाताऱ्या सगळीकडे उडाल्या आणि खोडांना महिन्याभरात फुटवे आले. मजुरी गेली, रानमोडी आहे त्यापेक्षा पसरणार.

दुसरं जाळरेषा, म्हणजे आग अडवायचा मोकळा पट्टा. पूर्व आणि दक्षिण हद्दीवर वीस फूट रुंद पट्टा साफ करून घेतला. दिसायला छान झाला होता. पण ऐन, किंजळ, नाना यांची पानगळ जानेवारीपासून मार्चपर्यंत चालते, आणि आज फिरताना लक्षात आलं की पट्ट्यावर आत्ताच घोट्याएवढा पाचोळा आहे. नुसतं गवत कापून जाळरेषा होत नाही. ती जाळावी लागते, आणि नंतर झाडावी लागते.

२२ फेब्रुवारी २०२४

भाऊबंदांची बैठक. कारण एजंट. २०२० साली कर्नाटकानं जमीन सुधारणा कायद्यातली शेतकरी नसलेल्यांना शेतजमीन घ्यायला आडकाठी करणारी कलमं काढली, तेव्हापासून चोर्ला रस्त्याच्या आसपास बेळगाव-गोव्याच्या गाड्या फिरतात. रिसॉर्ट, फार्महाउस. आमच्यातल्या एका घराला विकायचं आहे, दुसऱ्याला तोडून काजू लावायचाय. त्यांचं म्हणणं चूक नाही. रान वर्षाला हिरडा, शिकेकाई आणि रातांब्यांचे जे काही हजार देतं त्यात एका पोराची कॉलेजची फी निघत नाही.

मी दोन कागद पुढं ठेवले. १९ फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयानं अंतरिम आदेश दिलाय की जंगलाची एकत्रित नोंद होईपर्यंत १९९६ चाच अर्थ पाळायचा. म्हणजे तोडून काजू लावायला गेलं तर ते ‘वनेतर वापरा’त जाऊ शकतं आणि केंद्राची परवानगी लागू शकते. दुसरा कागद जुन्या सर्व्हेचा. त्यात एका नंबरात साग आणि शिसम सरकारनं राखून ठेवल्याची नोंद आहे. जमीन आमची, ते साग आमचे नाहीत. एजंटानं हे दोन्ही सांगितलेलं नव्हतं.

बैठकीत ठरलं ते इतकंच: दोन वर्षं विक्री नाही, खर्च पाच घरांनी सारखा, मजुरीचा हिशेब वहीत, वही तात्यांकडे.

२८ मार्च

शिमग्यानंतर तिसऱ्या दिवशी आग.

शेजारच्या काजूत पाला गोळा करून पेटवला होता, सकाळी. सकाळी वारा नसतो. दुपारी बारानंतर घाट चढून पश्चिमेचा वारा सुरू होतो, आणि विझली असं वाटलेली राख उठते. दोनच्या सुमारास धूर दिसला.

दक्षिण हद्दीवर फेब्रुवारीच्या शेवटी पट्टा पुन्हा झाडून पाचोळा जाळून घेतला होता, तिथं आग येऊन थांबली. ठिणग्या पलीकडे पडत होत्या, पण जमिनीवर धरायला काही नव्हतं. पूर्व बाजूला पैशांअभावी झाडायचं राहिलं होतं. तिथून ती आत शिरली आणि कारवीच्या उताराला लागली. वाळलेल्या कारवीपुढं फांद्यांनी झोडपणं म्हणजे स्वतःला भाजून घेणं. मामा आणि वाड्यातली पोरं होती म्हणून जमलं. त्यांनी आगीच्या मागं न धावता ओढ्याच्या वाटेवर जाऊन तिथून उलट आग सोडली, दोन्ही आगी मधे भेटल्या आणि संपल्या. वनखात्याचे दोन गार्ड आणि त्यांचे वॉचर साडेचारला आले. त्यांच्याकडचा पाला उडवायचा ब्लोअर हे या कामातलं सगळ्यांत उपयोगी हत्यार आहे असं माझं मत झालंय. चौघांचं झाडणं एकटा माणूस करतो.

दहा-बारा एकर खालचं जळलं. मोठी झाडं बहुतेक जगतील. ऐनाची जाड भेगाळ साल आग सोसते. गेली ती कमरेएवढी रोपं, म्हणजे पुढचं रान. लाकडाचं नुकसान दिसतं म्हणून पंचनाम्यात येतं, रोपांचं येत नाही.

मामांच्या म्हसरांचा विषय याच संध्याकाळी निघाला. दोघा भावांना चराई बंद करायची होती. मी विरोध केला. ज्या वाटांवर म्हसरं फिरतात तिथं गवत खाल्लेलं होतं आणि आग तिथं आपोआप मंदावली, हे सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं. शेवटी जळलेला उतार तीन पावसाळे बंद, बाकीचं चालू, यावर मामा राजी झाले. त्याबद्दल त्यांनी एक मागितलं: आगीच्या दिवसांत वाड्यातल्या दोघांना रोजावर ठेवायचं. हे आम्हीच आधी सुचवायला हवं होतं.

१६ मे

मोजणी झाली नाही. मार्चच्या मध्यापासून लोकसभेची आचारसंहिता, ७ मे ला इथलं मतदान (खानापूर उत्तर कन्नड मतदारसंघात येतं), सगळी कचेरी त्या कामात. आता पावसाआधी होणं कठीण आणि पावसात इथं साखळी धरता येत नाही. मोजणीचा अर्ज करायचा तर दसऱ्याच्या आत करा.

वारसा नोंद झाली. एवढीच बातमी चांगली.

१४ जून

जळलेल्या उतारावर रोपं लावायची की बी टाकायचं यावर वाद. रोपवाटिकेची रोपं आणून गाडीवाटेपासून वर चढवायची मजुरी रोपाच्या किमतीपेक्षा जास्त होते. शिवाय गवे आहेत. म्हणून बी.

जांभळाचं बी ताजं असेल तरच उगवतं, दोन-तीन आठवडे ठेवलं की मेलं. खानापूरच्या बाजारात जांभळं विकणाऱ्या बायकांना सांगून ठेवलं होतं, त्यांच्याकडून बिया धुऊन त्याच आठवड्यात टोकल्या. रातांब्याचंही तसंच. हिरड्याची बी मात्र दगड. गेल्या वर्षी बांधाला टाकलेल्यांपैकी एकही वर आली नव्हती. या खेपेला गर काढून शेणकाल्यात भिजत घातली, कवच मऊ झाल्यावर लावली.

३ ऑगस्ट

जुलैच्या शेवटच्या पंधरवड्यात पाऊस असा की रानात जायची वाटच नव्हती, पुलांवरून पाणी. उघडीप मिळाल्यावर गेलो. जांभूळ ठिकठिकाणी उगवलंय, एका बीतून दोन-दोन कोंब. हिरडा थोडा. रातांबे जवळजवळ नाहीत. उघड्या उतारावर ते येत नाहीत, सावलीत लावायला हवे होते असं मामांचं म्हणणं.

पण खरं बघण्यासारखं वेगळंच होतं. जळलेल्या ऐन-किंजळीच्या बुडातून हातभर फुटवे आलेत, आम्ही लावलेल्या सगळ्यापेक्षा कितीतरी जास्त. हे रान बियांतून उभं राहिलेलं नाही, खुंटांतून आलंय. १९४३ च्या तोडीनंतरही असंच आलं असणार. एका बुडाला चार-चार, पाच-पाच सारख्याच जाडीची खोडं आहेत ती त्याचीच. उतारावर मधेमधे सपाट गोल जागा आणि काळी माती लागते, त्या कोळशाच्या भट्ट्या. तुमच्या रानात अशी जागा दिसली तर लावणीचे पैसे वाचवा आणि फुटवे सांभाळा.

याच आठवड्यात केंद्राची पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राची नवी मसुदा अधिसूचना आली (३१ जुलै). सगळ्या गावात ‘आता घरही बांधू देणार नाहीत’ अशी चर्चा. मसुद्यात खाणी, दगडखाणी, मोठी बांधकामं यांवर बंदी आहे. शेती आणि घरदुरुस्ती यांना धक्का नाही. हरकतीला ६० दिवस. मराठीत दोन पानांचा गोषवारा करून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावला. किती जणांनी वाचला देव जाणे.

२५ ऑगस्ट

रानमोडी दुसऱ्यांदा, या वेळी उपटून. ओल्या मातीत मुळासकट सहज निघते, कोयता लागतच नाही. वाड्यातल्या बायकांनी हे काम घेतलं, कोयत्याच्या मक्त्याच्या निम्म्या खर्चात दुप्पट भाग झाला. उपटून मुळं वर करून तिथंच टाकायची, ओढत न्यायची नाही. झाडं मोठी आणि सावली दाट आहे तिथं ती परत येत नाही. गाडीवाटेला दरवर्षी करावं लागेल.

१० नोव्हेंबर

२६ सप्टेंबरला राज्याच्या मंत्रिमंडळानं कस्तुरीरंगन अहवाल नाकारला. पश्चिम घाटाची ती मसुदा अधिसूचना याच अहवालावर आधारलेली. एजंट परत दिसू लागलेत.

फुटव्यांची विरळणी करायची आहे: पाच खोडांतली सरळ, निरोगी अशी एक-दोन ठेवायची, बाकी सरपणाला. स्वतःच्या मालकीच्या रानातही यासाठी १९७६ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली परवानगी लागते, आणि माल हलवायला वेगळा पास. सुरू, सिल्व्हर ओक अशा काही झाडांना सूट आहे, ऐन-किंजळीला नाही. अर्जाला झाडांची यादी जोडायची: जात, छातीइतक्या उंचीवरचा म्हणजे साडेचार फुटांवरचा घेर, रंगानं घातलेला नंबर. एकाच बुडाच्या पाच खोडांना पाच नंबर द्यायचे की एक, यावर आमची यादी परत आली. पाच द्यायचे. साडेचार फुटांच्या खाली दोन झालेलं खोड म्हणजे दोन झाडं, असं तिथल्या कारकुनांनी समजावलं. अर्ज कन्नडमध्ये काकूंनी लिहिला, त्यामुळं निदान भाषेवरून तो परत आला नाही.

नंबर घालताना एका ऐनाच्या ढोलीत धनेशाच्या घरट्याची, लिंपलेल्या भोकाची खूण दिसली. ती पाचही खोडं यादीतून काढली. पोकळ झाडाला लाकूड म्हणून भाव नाहीच.

२० जानेवारी २०२५

जाळरेषा, या वर्षीची पद्धत: डिसेंबरच्या अखेरीस कापणी, जानेवारीत सकाळी दव असताना पट्ट्यातलंच गवत जाळणं, फेब्रुवारी आणि मार्चमध्ये दोनदा झाडणं. ब्लोअर पाच घरांत मिळून विकत घेतला, साध्या मजुरीच्या हिशेबात दोन हंगामांत वसूल होईल. पूर्व बाजू आधी केली. जाळायच्या आदल्या दिवशी वनखात्याला आणि शेजारच्या काजूवाल्याला फोन. काजूवाले स्वतः दोन माणसं घेऊन आले, आणि त्यांचा पाला आता आमच्याच दिवशी, आमच्याबरोबर जाळायचं ठरलंय.

विरळणीची परवानगी अर्ध्या यादीला मिळाली. राखीव नोंद असलेल्या नंबराचं उत्तर अजून नाही. मोजणीची तारीख फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यातली दिली आहे. त्या दिवशी मामा, चारही बाजूंचे शेजारी आणि टिपणाची नक्कल एवढं हजर ठेवायचं. विकायचं म्हणणाऱ्या घरानं मोजणीचा आपला हिस्सा अजून भरलेला नाही, तो वहीत लाल शाईनं आहे.